घाटाची चेन, माळाची चेन : प्रस्तावना

कारखान्यातून निघालेली एकच मोटारसायकल साताऱ्याच्या जावळी तालुक्यात विकली जाते आणि सांगलीच्या जत तालुक्यातही. दोन्हींचे इंजिन सारखे, गिअर सारखे, पुढच्या-मागच्या स्प्रॉकेटचे दातही सारखे. रस्ते मात्र सारखे नाहीत. जावळीतली गाडी मेढ्याहून केळघरचा घाट चढून महाबळेश्वर गाठते आणि पावसाळ्याचे चार महिने ओलीच राहते. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो, जत-आटपाडीकडे पाचशेच्या आसपास. तिकडची गाडी माळावरच्या सरळ रस्त्यांवर, उन्हात आणि धुळीत पळते. या दोन टोकांच्या मध्ये कराड, वाळवा, पलूस, मिरज हा कृष्णाकाठ : काळी माती, उसाच्या ट्रॅक्टरांनी डांबरावर आणून टाकलेला चिखल, मागच्या सीटवर दुधाचे कॅन नाहीतर वैरणीचा भारा. कंपनी या सगळ्यांसाठी मिळून दातांचे एकच प्रमाण ठरवते. ते वाईट नसते, पण कोणा एकाच्या मापाचेही नसते.

इंजिनाची ताकद चाकापर्यंत पोचते त्या वाटेवर मालकाच्या हाती राहिलेली एकच जागा आहे : पुढचे स्प्रॉकेट, मागचे स्प्रॉकेट आणि दोघांना जोडणारी चेन. गिअरपेटीतले गिअर बदलायचे तर इंजिन खोलावे लागते, आणि रोजच्या गाडीचे तसे कोणी करत नाही. चेनसेट मात्र झिजतो, कधी ना कधी बदलावाच लागतो. त्या दिवशी गॅरेजमध्ये उभ्या असलेल्या माणसापुढे खरी निवड असते. तेच दात घ्यायचे की वेगळे? साधी चेन की रिंगवाली? तिन्ही भाग की नुसती चेन? बहुतेक जण यातले काहीच न ठरवता, समोर येईल तो सेट बसवून घरी जातात. हे पुस्तक त्या दिवसासाठी लिहिले आहे.

या भागाचा चेनशी संबंध मोटारसायकलच्याही आधीचा आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलींचे दुकान काढले. दोन जवळपास सारख्या चाकांची, पायडलवरून मागचे चाक चेनने फिरवणारी सायकल इंग्लंडात येऊन तेव्हा जेमतेम तीन वर्षे झाली होती. त्या दुकानातून लोखंडी नांगराचा कारखाना उभा राहिला, आणि १९१० साली औंध संस्थानच्या आश्रयाने तो कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर आला. आज ती जागा सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यात आहे, किर्लोस्करवाडी या नावाने. १९२० साली तिथूनच ‘किर्लोस्कर खबर’ निघू लागले. कारखान्याची आणि त्याच्या मालाची माहिती लोकांपर्यंत पोचवण्यासाठी सुरू झालेले ते पत्र पुढे महाराष्ट्रभर वाचले जाणारे मासिक झाले. यंत्राबद्दल मराठीत, यंत्र वापरणाऱ्या माणसाला उपयोगी पडेल असे लिहिण्याची वाट याच मातीत पडली. ती पुढे रुंद झाली नाही याचे मला मनापासून वाईट वाटते. इंजिनिअरिंग कॉलेजे झाली, आयटीआय झाल्या, गल्लोगल्ली गॅरेज झाले, पण गॅरेजमधले ज्ञान तोंडीच राहिले. उस्तादाने शिष्याला सांगितले तेवढेच पुढे गेले, बाकीचे त्याच्याबरोबर संपले.

आता चेनकडे वळू. आज आपण जिला चेन म्हणतो ती बुश-रोलर चेन हान्स रेनॉल्ड या मँचेस्टरमध्ये स्थायिक झालेल्या स्विस कारागिराने १८८० साली आणली. तिची रचना तेव्हापासून मुळात बदललेली नाही. बाहेरच्या दोन पट्ट्यांना पिन घट्ट बसवलेली, आतल्या दोन पट्ट्यांना बुश घट्ट बसवलेले, पिन बुशमध्ये फिरते आणि बुशवर एक मोकळा रोलर फिरतो. दाताला टेकतो तो रोलर. त्यामुळे दात आणि चेन एकमेकांना घासत नाहीत, एकमेकांवर लोळतात. घासणे होते ते आत, पिन आणि बुश यांच्यात, जिथे आपली नजर पोचत नाही. चेनच्या देखभालीचे सगळे वाद या न दिसणाऱ्या जागेभोवती फिरतात.

मोटारसायकलने चेन लगेच स्वीकारली नाही. सुरुवातीच्या कितीतरी इंग्लिश गाड्यांना चामड्याचा किंवा रबराचा पट्टा असे. पट्टा मऊ चालतो, आवाज करत नाही, तेल मागत नाही. पण पावसात आणि चढावर घसरतो. १९११ साली आइल ऑफ मॅनची टीटी शर्यत पहिल्यांदा स्नेफेल डोंगरावरच्या मार्गावर झाली. तिच्या मोठ्या गटात अमेरिकेच्या ‘इंडियन’ कंपनीच्या गाड्या पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या आल्या. त्यांना चेन होती आणि दोन वेगांचे गिअर होते. पट्टा आणि एकच गिअर घेऊन डोंगर जिंकता येत नाही हे त्या दिवसाने दाखवून दिले. घाटाच्या पायथ्याशी राहणाऱ्या आपल्यासारख्यांनी हा प्रसंग लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण गिअरिंगचा विचार माणसाने केला तो चढाने भाग पाडले म्हणूनच.

आपल्याकडे १९५५ साली मद्रासला एनफिल्ड उभी राहिली, १९६० च्या सुमारास म्हैसूरला जावा आणि मग तिचीच येझदी. जावा-येझदीची चेन पत्र्याच्या पेटीत आणि रबरी नळ्यांत पूर्ण बंद असायची. आपल्या धुळीसाठी याहून चांगली सोय फार कमी गाड्यांनी दिली. साताऱ्यात मात्र वेगळेच घडले. बजाज आणि पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळ यांनी मिळून १९७५ साली महाराष्ट्र स्कूटर्स ही कंपनी काढली आणि साताऱ्यात ‘प्रिया’ तयार होऊ लागली. त्या स्कूटरला चेनच नव्हती. इंजिन मागच्या चाकाला लागूनच, ताकद थेट गिअरमधून चाकात. साताऱ्यातल्या मिस्त्रींच्या एका पिढीचे हात क्लच प्लेट आणि केबलींत तयार झाले. चेन हा त्यांच्यासाठी राजदूत-येझदीवाल्यांचा किंवा लूनाचा विषय होता.

१९८५ साली हिरो होंडाची सीडी १०० आली आणि चित्र पालटले. फोर-स्ट्रोक छोटे इंजिन, भरपूर अ‍ॅव्हरेज आणि पूर्ण झाकलेली चेन. झाकण ही चांगलीच गोष्ट होती. साडीचा पदर अडकत नव्हता, माती आत जात नव्हती. पण चेन दिसेनाशी झाली तशी ती लोकांच्या मनातूनही गेली. काळ्या प्लास्टिकच्या किंवा पत्र्याच्या कव्हरमधून खडखड ऐकू येईपर्यंत आत काय चालले आहे हे मालकाला कळायचे बंद झाले. त्यानंतर स्पोर्टी गाड्यांचा जमाना आला, कव्हर निघाले, चेन पुन्हा उघड्यावर आली, पण तोवर ती धुण्या-तेलवण्याची सवय असलेली माणसे राहिली नव्हती. आजच्या बऱ्याच तक्रारींचे मूळ इथे आहे.

लोक म्हणतात चेन ‘ताणली’. पोलाद ताणले जात नाही. प्रत्येक पिन थोडी झिजते, प्रत्येक बुश थोडे झिजते आणि शंभराहून जास्त कड्यांची ती कणभर झीज एकत्र येऊन चेन लांब होते. लहान गाड्यांवर सर्वांत जास्त दिसणारी ४२८ नंबरची चेन घेऊ. तिच्या दोन पिनांतले अंतर अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर. वीस कड्या ताणून मोजल्या तर नव्या चेनवर २५४ मिलिमीटर भरले पाहिजेत. तेच अंतर २५९ भरले तर चेन दोन टक्के लांब झाली, तिचे आयुष्य संपले. काही कंपन्या याहून बरीच आधीची मर्यादा देतात, आपल्या गाडीच्या पुस्तिकेतला आकडा धरावा. एक स्टीलची पट्टी आणि दोन मिनिटे एवढ्यात होणारे हे माप आहे. तरीही चेन गेली की नाही याचा निवाडा बहुतेक ठिकाणी मागच्या स्प्रॉकेटवरून चेन बोटाने ओढून केला जातो. ती खूण खोटी नाही, पण ती उशिरा दिसते.

लांब झालेल्या चेनचा रोलर दाताच्या खळग्यात बसत नाही, वर सरकून दाताच्या उतारावर बसतो. तिथे तो दाताला कोरतो आणि दात एका बाजूला वाकल्यासारखे, टोकदार होतात. पुढचे स्प्रॉकेट आधी जाते, कारण मागचे एकदा फिरते तेव्हा पुढचे अडीच-तीन वेळा फिरलेले असते. आता अशा कोरलेल्या दातांवर नवी चेन चढवली तर तिचा सगळा भार एक-दोन दातांवरच येतो आणि ती नवी चेन वेगाने संपते. म्हणून तिन्ही भाग एकत्र बदलायचे. ‘सध्या फक्त चेन टाका’ म्हणणारा पंथ आपल्याकडे मोठा आहे, त्यामागे पैशाची खरी अडचण असते हेही मला माहीत आहे, पण हा हिशोब वर्षभरात उलटतो. त्याहून वाईट म्हणजे एक कडी काढून चेन पुन्हा ताणायची पद्धत. झिजलेल्या चेनला आखूड केल्याने तिची झीज कमी होत नाही. ती चढावर, दोन माणसे मागे-पुढे असताना दातांवरून उडी मारते, नाहीतर तुटून इंजिनाच्या कव्हरला भोक पाडते.

तेलाबद्दलचे पंथ तर रंगीत आहेत. जुने मेकॅनिक ९० नंबरच्या गिअर ऑइलची बाजू घेतात. नवे लोक स्प्रेच्या डब्याची. काही जण ग्रीस चोपडतात. आणि अजूनही कित्येक ठिकाणी इंजिनातून काढलेले जळके ऑइल चेनवर ओतले जाते. यातले शेवटचे मी ठामपणे नाकारतो. त्या तेलात इंजिनाच्या झिजेची कणी असते, ती आपण हाताने पिन आणि बुशच्या मध्ये घालतो. ग्रीस बाहेर राहते, आत पोचत नाही आणि धूळ धरून ठेवते. उरलेल्या दोघांत मात्र भांडण लावण्याचे कारण नाही, इथे प्रदेश बोलतो. कोयनानगर, पाटण, महाबळेश्वरच्या पावसात पातळ स्प्रे एका दिवसात धुऊन जातो, तिथे जाड ९० नंबर वारंवार लावणे बरे. जत, कवठे महांकाळ, माणदेशाच्या धुळीत तेच जाड तेल धूळ ओढून घेते आणि त्याची खरखरीत लुगदी होते. तिथे थोडे तेल, गाडी चालवून आल्यावर चेन कोमट असताना, आतल्या पट्ट्यांच्या कडेवर, आणि वरचे पुसून काढलेले. आपल्या दोन जिल्ह्यांत काही तासांच्या अंतरावर सल्ला बदलतो, आणि बाटलीवरच्या सूचनेत हे कधीच लिहिलेले नसते.

रिंगवाल्या चेनने हा वाद बराचसा मिटवला आहे. १९७० नंतरच्या दशकात रुळलेल्या या चेनमध्ये कारखान्यातच पिन आणि बुशच्या मध्ये ग्रीस भरून रबरी रिंगने बंद केलेले असते. आतले तेल आपण घालायचेच नसते. बाहेरून लावतो ते रोलर, दात आणि रिंगांसाठी. अशा चेनला रॉकेल चालते, पेट्रोल चालत नाही, तारेचा ब्रश तर नाहीच. रिंग फाटली की चेन साध्या चेनपेक्षाही लवकर जाते. किंमत जास्त, वळताना किंचित जड, पण उघड्या चेनच्या गाडीवर आणि रोजच्या लांब पल्ल्याला माझा कौल रिंगवालीलाच आहे. पूर्ण कव्हर असलेल्या शंभर सीसीच्या गाडीला साधी चेन पुरते. पुराचे पाणी मात्र तिला सोसत नाही. २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरांत सांगली-मिरजेच्या कितीतरी गाड्या पाण्याखाली राहिल्या. साधी चेन पाण्यातून निघाली की काही दिवसांतच तिच्या कड्या आखडतात, गंज थेट बुशमध्ये शिरतो. पुरानंतर इंजिनाचे ऑइल सगळे बदलतात. चेनकडे पाहणारे थोडे.

बसवण्याच्या कामात कौशल्य आहे आणि क्रमही आहे. पुढच्या स्प्रॉकेटचा नट जुनी चेन चढलेली असतानाच, मागचा ब्रेक दाबून सैल करायचा. चेन काढल्यावर तो धरायला काही उरत नाही. मागचे स्प्रॉकेट काढले की हबमधले रबर पाहायचे. ते चुरले असेल तर नवा सेटही धक्के खात मरतो. चाकाच्या दोन्ही बाजूंच्या ताणखुणा सारख्या लावल्या म्हणजे चाक सरळ बसले असे नाही, दोरी किंवा सरळ पट्टी लावून पाहायचे. चेनच्या जोडकडीवरच्या लॉकची बंद बाजू चेन धावते त्या दिशेला. ढिलाई गाडीच्या पुस्तिकेत दिलेली, साधारण २० ते ३५ मिलिमीटरच्या आत, आणि तीही चाक फिरवून चेन जिथे सर्वांत ताठ असेल तिथे मोजलेली. ताठ चेन ही नीट चेन, हा समज खोडून काढायला हवा. मागे दोघे बसले की चिमटा (स्विंगआर्म) वर येतो, चाकाचा अ‍ॅक्सल पुढच्या स्प्रॉकेटपासून दूर जातो आणि आधीच ताठ असलेली चेन गिअरपेटीच्या बेअरिंगला ओढू लागते. सैल चेन आवाज करून सांगते तरी. ताठ चेन गप्प राहून इंजिन खोलायला लावते. आणि एक गोष्ट मी पुस्तकात जिथे जिथे जागा मिळाली तिथे पुन्हा लिहिली आहे : इंजिन चालू ठेवून, गाडी गिअरमध्ये टाकून, फिरत्या चेनला फडके लावू नका. यात बोटे गेलेली आहेत. चाक हाताने फिरवा.

आता गिअरिंग. या विषयाचे गणित शाळेतल्या भागाकाराचे आहे. मागचे दात भागिले पुढचे दात. मागे ४२ आणि पुढे १४ असतील तर प्रमाण ३. पुढचे स्प्रॉकेट तीनदा फिरल्यावर चाक एकदा फिरते. पुढचा एक दात कमी केला, १३ केले, तर प्रमाण ३.२३ होते, म्हणजे पावणेआठ टक्क्यांच्या आसपास वाढ. तेवढीच वाढ मागच्या बाजूने हवी असेल तर तीन दात वाढवून ४५ करावे लागतील. पुढचा एक दात साधारण मागच्या तिनाबरोबर, हे सूत्र ज्याला कळले त्याला निम्मा विषय कळला. उलट बाजूने १४ चे १५ केले तर प्रमाण २.८ वर येते. ज्या वेगाला आधी इंजिनाचे मिनिटाला ५००० फेरे होत होते, त्याच वेगाला १३ दातांवर सुमारे ५३८५ होतील आणि १५ दातांवर ४६७० च्या आसपास.

यावरून गाडीवाल्यांत तीन पंथ पडले आहेत. पहिला कंपनी-फिटवाल्यांचा : जे आले तेच बरे. दुसरा पिकअपवाल्यांचा, पुढे एक दात कमी. तिसरा अ‍ॅव्हरेजवाल्यांचा, पुढे एक जास्त. तिघांचीही बाजू ऐकण्यासारखी आहे, फक्त प्रत्येकाने आपला रस्ता सगळ्यांचा रस्ता धरलेला असतो.

वाईहून पाचगणीला पसरणी घाट सुमारे बारा किलोमीटरांत साडेपाचशे-सहाशे मीटर चढतो, म्हणजे सरासरी पाच टक्क्यांचा चढ. गाडी आणि दोन माणसे मिळून अडीचशे किलो धरले आणि वेग ताशी ४० किलोमीटर, तर नुसत्या चढासाठी दोन अश्वशक्तींहून कमी लागते. वारा आणि टायर धरून तीनच्या आसपास. शंभर सीसीच्या इंजिनाची पूर्ण ताकद आठेक अश्वशक्ती असते, पण ती मिळते वरच्या फेऱ्यांवर. चौथ्या गिअरमध्ये ४० च्या वेगाला इंजिन इतके हळू फिरत असते की ते तीन देताना गुदमरते. तिसरा टाकला की तीच गाडी सहज चढते. चौथ्यावरून तिसऱ्यात उतरल्याने चाकाला मिळणारे बळ पाव हिश्शाने किंवा त्याहून जास्त वाढते, तर पुढचा एक दात कमी केल्याने आठ टक्क्यांहूनही कमी. म्हणून घाट चढत नाही अशी तक्रार घेऊन आलेल्या माणसाला मी आधी गिअर कधी टाकता हे विचारतो, मग एअर फिल्टर आणि क्लच पाहायला सांगतो. स्प्रॉकेटवर हात त्यानंतर.

मग एक दात कमी करणे कोणाच्या कामाचे? ज्याची गाडी रोज दोन गिअरांच्या मध्ये अडकते त्याच्या. यवतेश्वरच्या चढावरून कासकडे रोज भार घेऊन जाणारा, शिराळ्याच्या पश्चिमेकडे चांदोलीच्या अंगाला वळणावळणाने चढणारा, कच्च्या पाणंदीतून पहिल्या गिअरमध्ये क्लच जाळत दूध बाहेर काढणारा. पहिला गिअर आणखी संथ झाला की क्लच वाचतो आणि उतारावर इंजिनाचा ब्रेकही चांगला लागतो. आणि एक दात वाढवणे? मिरजेहून जतकडे किंवा विट्याहून म्हसवडकडे एकटाच, मोकळ्या रस्त्यावर जाणाऱ्याला ते लागू पडते, तेही गाडीत ताकद शिल्लक असेल तर. छोट्या गाडीवर समोरचा वारा आला की अ‍ॅव्हरेजवाल्याला टॉप गिअर सोडून खाली यावे लागते आणि वाचवलेले पेट्रोल तिथेच जाते. राष्ट्रीय महामार्गावर पेठ नाका ते साताऱ्यापर्यंत सतत वेगात जाणाऱ्याने पुढचा दात कमी केला तर इंजिन विनाकारण कोकलत राहते. घाटासाठी केलेली सोय हमरस्त्यावर महाग पडते, हा प्रत्येक बदलाचा हिशोब आहे.

दात कमी करण्याला खालची मर्यादा आहे, आणि ती फारशी कोणी सांगत नाही. चेन स्प्रॉकेटवर गोल फिरत नाही, कोनाकोनाने फिरते. दात जितके कमी तितके कोन तीव्र आणि चेनचा वेग प्रत्येक दाताला कमीजास्त होतो. १७ दातांवर हा फरक पावणेदोन टक्क्यांच्या आत असतो, १४ वर अडीच, १२ वर जवळजवळ साडेतीन. तो पायाला कंप म्हणून जाणवतो आणि चेनला झीज म्हणून. शिवाय लहान स्प्रॉकेटवर प्रत्येक कडीला जास्त वाकावे लागते. म्हणून जागा असेल तर पुढचा दात कमी करण्यापेक्षा मागचे वाढवणे चेनला सोसते. मागचे तीन दात वाढले की चेन तेवढीच ठेवली तर चाक सुमारे साडेनऊ मिलिमीटर पुढे येते. ताणखुणांत तेवढी जागा आहे का, ते आधी पाहावे. काही गाड्यांचा वेगमापक पुढच्या चाकावर असतो, त्याला फरक पडत नाही. ज्यांचा सेन्सर गिअरपेटीवर आहे त्यांचा काटा खोटे बोलू लागतो. आणि मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ कंपनीच्या मूळ तपशिलापासून गाडी वेगळी करायला मनाई करते. वॉरंटीतल्या गाडीवर, किंवा कंपनीने न दिलेल्या मापावर जाण्याआधी आरटीओ आणि डीलरकडे विचारून घ्यावे.

हे सगळे आज लिहिण्याची गरज का पडली? एक कारण असे की अंतरे वाढली. गावात राहून कुपवाड, मिरज, शिरवळ किंवा साताऱ्याच्या एमआयडीसीत रोज पन्नास-साठ किलोमीटर जाणारी मुले-मुली ही आता नवलाई नाही, आणि त्यांची गाडी महिन्याकाठी जितकी पळते तितकी पूर्वी सहा महिन्यांत पळत असे. दुसरे, बनावट चेनसेट. हुबेहूब पाकिटात येणारा, कडक न केलेल्या दातांचा सेट पावसाळ्याच्या आत संपतो, आणि मालक दोष देतो तो बसवणाऱ्याला. तिसरे, कव्हर काढून टाकण्याची हौस. मागे बसणाऱ्याचा कपडा चाकात अडकू नये म्हणून मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकलेला असावा, असे केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२३ वा नियम सांगतो. ती तरतूद लग्नाच्या मोसमात साडी नेसून मागे बसणाऱ्या प्रत्येक बाईच्या जिवाशी संबंधित आहे. साडीगार्ड आणि चेन कव्हर दिसायला नको म्हणून काढणे मला मान्य नाही, आणि या पुस्तकात त्याला कुठेही उत्तेजन नाही.

विजेच्या गाड्या आल्यावर चेन जाईल असे काही जण म्हणतात. काही स्कूटरांची मोटर चाकातच आहे, काहींना, उदाहरणार्थ एथरच्या स्कूटरांना, पट्टा आहे. पण अल्ट्राव्हायोलेटची एफ७७ ही विजेची मोटारसायकल चेनवरच धावते. नीट राखलेली चेन ताकदीतले ९७-९८ टक्के चाकापर्यंत पोचवते, स्वस्त पडते, आणि दात बदलून तिचे प्रमाण बदलता येते. ही तिसरी सोय पट्ट्यात महाग आणि शाफ्टमध्ये जवळजवळ अशक्य आहे.

पुस्तकाच्या मर्यादा सांगायला हव्यात. यात १०० ते ३५० सीसीच्या, आपल्या रस्त्यांवर रोज दिसणाऱ्या गाड्या आहेत, शर्यतीच्या नाहीत. कोणत्या ब्रँडची चेन घ्यावी हे यात सांगितलेले नाही. ती चांगली की वाईट हे कसे ओळखावे ते सांगितले आहे, कारण दुकानातला माल दर वर्षी बदलतो आणि ओळखण्याची रीत बदलत नाही. गणित जिथे आले तिथे ते दोन जिल्ह्यांतल्या घाटांवर आणि माळांवर लावून दाखवले आहे. ज्याला फक्त आपली चेन बदलायची आहे त्याने मधले भाग सोडून थेट कामाकडे जावे, त्याने काही बिघडत नाही. ज्याला प्रमाण ठरवायचे आहे त्याने मात्र सुरुवातीपासून वाचावे. घाईत निवडलेला दात पुढची काही वर्षे प्रत्येक चढावर आपल्याबरोबर राहतो.

साताऱ्याच्या पोवई नाक्यापासून सांगलीच्या विश्रामबागेपर्यंत ज्या मेकॅनिकांनी कामाच्या वेळात थांबून शंका फेडल्या, त्यांचे ऋण मोठे आहे. त्यांना आणि वाचकांना माझी एक विनंती आहे. पुढचा चेनसेट बसवाल त्या दिवशी चार गोष्टी वहीत लिहा : पुढचे दात, मागचे दात, मीटरचा आकडा आणि कोणते तेल लावले. सेट काढाल तेव्हा पुन्हा मीटरचा आकडा लिहा आणि शेजारी तालुक्याचे नाव टाका. कोयनेच्या पावसात कोणती चेन किती टिकते आणि आटपाडीच्या धुळीत किती, याची अशी नोंद आपल्याकडे कोणीही ठेवलेली नाही. ती तुमच्या वह्यांतूनच तयार होऊ शकते.